पुनर्वसन नको म्हणण्याचा हक्क

(कळसाडी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आज मी तुमच्यापुढे कोर्टाचे काही आदेश वाचणार आहे. एखादा समीक्षक पुस्तक जसं वाचतो, तसे वाचणार आहे. निकाल पाळायचा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण निकाल हा शेवटी माणसांनी लिहिलेला मजकूर आहे. त्यात काही शब्द निवडलेले असतात, काही खोडलेले असतात, आणि कधी कधी खोडलेला शब्दच जास्त बोलतो. आदेशांचा विषय आहे देहविक्रय करणाऱ्या बायकांचं पुनर्वसन, आणि त्यांना मिळणारी किंवा न मिळणारी कायद्याची मदत.

कळसाडीसारख्या गावात हा विषय कशाला, असं तुम्ही म्हणाल. कामाठीपुरा मुंबईत, बुधवार पेठ पुण्यात. आपला काय संबंध? संबंध आहे तो एका शब्दाशी. ‘पुनर्वसन’ हा शब्द नंदुरबार जिल्ह्यात कोणाला शिकवावा लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं आली. मणिबेली त्यातलं पहिलं. तळोद्याकडे सोमावलला, रोझव्याला वसाहती झाल्या. १९७९ च्या नर्मदा लवादानं लिहून ठेवलं होतं की ज्याची जमीन जाईल त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची, आणि पाणी चढायच्या किमान एक वर्ष आधी त्याचं बस्तान बसवायचं. ते किती पाळलं गेलं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण लोकांच्या डोक्यात पुनर्वसनाचा अर्थ पक्का होता. आमचं काहीतरी घेतलं जातंय, त्याच्या बदल्यात सरकारनं आम्हाला देणं लागतं, आणि देतोय ते चालत नसेल तर आम्ही ‘नाही’ म्हणू शकतो. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही महाराष्ट्रातली घोषणा याच समजुतीतून आली.

आता हाच शब्द दुसऱ्या कायद्यात कसा वागतो बघा.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा. पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’. त्याचं आजचं नाव आणि बराचसा आजचा चेहरा १९८६ च्या दुरुस्तीतून आला. एक गोष्ट पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते, ती आधी सांगतो. सज्ञान बाईनं पैसे घेऊन शरीरसंबंध करणं हा या कायद्यानं गुन्हा ठरवलेलाच नाही. कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे, दलाली गुन्हा आहे, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणं गुन्हा आहे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे. कमाईवर जगण्याच्या कलमात तर बाईची म्हातारी आई आणि अठरा वर्षांवरचा मुलगाही सापडू शकतो. म्हणजे तिचा धंदा गुन्हा नाही, पण त्या पैशांतून आईला भाकरी घातली तर आई आरोपी! असो, हा वेगळा विषय आहे.

छापा पडला, बाई सापडली, तिच्यावर गुन्हा नाही. मग तिचं करायचं काय? इथे सतरावं कलम येतं. तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. दंडाधिकारी चौकशी करणार, आणि ती तीन आठवड्यांच्या आत उरकायची. कशाची चौकशी? तिचं वय. तिचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास. तिचे आईबाप, पालक किंवा नवरा तिला ताब्यात घ्यायला योग्य आहेत का. घरी पाठवली तर घरच्या परिस्थितीचा तिच्यावर काय परिणाम होईल. चौकशीनंतर दंडाधिकाऱ्याला वाटलं की हिला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, तर तो तिला किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो.

ही यादी पुन्हा मनात वाचा. काय राहिलंय तिच्यात? ‘बाई, तुझं म्हणणं काय?’ हा प्रश्न राहिलाय. चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई असलेल्या बाईबद्दल कायदा विचारतो की हिला ताब्यात कोण घेणार. एखादी गाय कोंडवाड्यात सापडली तर आपण असंच विचारतो, मालक कोण.

यावर कोणी म्हणेल, हे बोलणं पुस्तकी आहे, प्रत्यक्षात कोर्ट विचारत असेल. म्हणून एक प्रत्यक्ष प्रकरण घेऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या एका उपनगरात पोलिसांनी सापळा लावला. तीन तरुणींना ताब्यात घेतलं. वयं वीस, बावीस, तेवीस, तिघीही सज्ञान. त्यांच्या आया त्यांना न्यायला आल्या. १९ ऑक्टोबरला दंडाधिकाऱ्यानं नाही म्हटलं. कारण काय दिलं? या मुली ज्या समाजातल्या आहेत त्या समाजात वयात आलेल्या मुलींना या धंद्यात पाठवायची रूढी आहे, म्हणून आयांच्या हवाली करणं बरं नाही. आणि एक वर्षासाठी त्यांना उत्तर प्रदेशातल्या संस्थेत पाठवायचा आदेश दिला. कशासाठी? काळजी, संरक्षण, आसरा आणि व्यवसाय प्रशिक्षण. सत्र न्यायालयात अपील केलं, ते २२ नोव्हेंबरला फेटाळलं.

जातीवरून स्वभाव ठरवायची ही पद्धत आपल्या खानदेशाला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तेच केलं होतं. जन्माला आला तो गुन्हेगार! तो कायदा १९५२ मध्ये गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात की नाही, ते तुम्हीच सांगा. इथे फरक इतकाच की पूर्वी ‘बंदोबस्त’ म्हणत, आता ‘संरक्षण’ म्हणतात.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी २४ सप्टेंबर २०२० ला निकाल दिला आणि खालचे दोन्ही आदेश रद्द केले. त्यांचं म्हणणं साधं आणि खणखणीत आहे. देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. या तरुणी सज्ञान आहेत. कुठं राहायचं, कुठं जायचं, कोणतं काम करायचं हे ठरवायचा त्यांना घटनेनं दिलेला हक्क आहे. त्यांना डांबून ठेवण्याआधी त्यांची इच्छा विचारात घ्यायला हवी होती. मला हा निकाल मोलाचा वाटतो. ‘मग हिला ताब्यात कोण घेणार’ हा प्रश्नच त्यानं मोडीत काढला. कोणीच नाही, ती तिच्या स्वतःच्या ताब्यात आहे.

पण समीक्षकानं तारखाही वाचायच्या असतात. ताब्यात घेतलं १३ सप्टेंबर २०१९ ला, सुटकेचा निकाल आला २४ सप्टेंबर २०२० ला. म्हणजे वर्षाहून जास्त काळ गेला. दंडाधिकाऱ्याचा एक वर्षाचा आदेश तसाही ऑक्टोबरमध्ये संपणार होता. न्याय झाला, तत्त्व मांडलं गेलं, उद्याच्या खटल्यांना आधार मिळाला. आणि त्या तिघींचं वर्ष मात्र जवळजवळ पूर्ण भरलं होतं. उच्च न्यायालयानं एवढं स्पष्ट सांगूनही २०२३ मध्ये मुंबईत पुन्हा तेच झालं. मुलुंडच्या छाप्यात सापडलेल्या चौतीस वर्षांच्या बाईला दंडाधिकाऱ्यानं एक वर्ष आश्रयगृहात पाठवलं. सत्र न्यायालयानं तिला सोडलं, कारण तेच, ती सज्ञान आहे. म्हणजे वरच्या कोर्टातलं तत्त्व खालच्या कोर्टाच्या पायरीपर्यंत यायला तीन वर्षं पुरली नाहीत.

आता दुसरा मजकूर, सर्वोच्च न्यायालयाचा. याची गोष्ट खुनापासून सुरू होते. १९९९ मध्ये कोलकात्यात एका देहविक्रय करणाऱ्या बाईचा निर्घृण खून झाला. आरोपीचं अपील फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलं, जन्मठेप कायम केली. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा. पण कोर्ट तिथे थांबलं नाही. या बायकाही माणसं आहेत, सन्मानानं जगण्याचा २१ व्या अनुच्छेदाचा हक्क त्यांनाही आहे, असं म्हणून त्या खटल्याचंच जनहित याचिकेत रूपांतर केलं आणि सरकारांना सांगितलं, या बायकांना व्यवसाय प्रशिक्षण देण्याच्या योजना आणा.

त्या आदेशाचा सूर करुणेचा आहे. बाई हौसेनं या धंद्यात येत नाही, गरिबीमुळे येते. तिला हातात कला दिली तर ती शरीर विकणार नाही. करुणेला मी नावं ठेवत नाही. पण या वाक्याचा तर्क तपासा. गरिबीमुळे पत्करलेलं काम म्हणजे न निवडलेलं काम, असा तो तर्क आहे. मग आपल्या भागातून दरवर्षी उसाच्या तोडीला जाणारी जोडपी घ्या. मुकादमाकडून उचल घेतात, कोयता हातात घेतात, सहा महिने पालात राहतात. हौसेनं जातात का? तिथे कोणी असं म्हणतं का, की हे गरिबीनं आलेत, यांची संमती खरी नाही, यांना एक वर्ष कोंडून शिवणकाम शिकवा? १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा बघा. तो मजुराला सोडवतो, त्याचं कर्ज रद्द करतो, पुनर्वसनाची मदत देऊ करतो, आणि त्याला घरी जाऊ देतो. सुटका झालेल्या वेठबिगाराला कोंडायचं कलम त्या कायद्यात नाही. शोषण तिथंही आहे, कर्जाचा फास तिथंही आहे. दोघांत फरक एकच. एकाच्या शोषणाला शरमेचा वास नाही, दुसरीच्या शोषणाला आहे. म्हणून मजुराचं पुनर्वसन म्हणजे त्याचं देणं, आणि हिचं पुनर्वसन म्हणजे हिची शुद्धी.

जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विशेष म्हणजे तिच्यात कोलकात्याच्या दरबार महिला समन्वय समितीसारखी, या बायकांची स्वतःची संघटनाही होती. समितीला तीन कामं दिली. एक, मानवी व्यापार रोखणं. दोन, ज्यांना हे काम सोडायचंय त्यांचं पुनर्वसन. तीन, ज्यांना हे काम चालू ठेवायचंय त्यांना सन्मानानं ते करता येईल अशी परिस्थिती.

आता इथे थांबा. हा तिसरा मुद्दा २०१२ मध्ये बदलला. केंद्र सरकारनं हरकत घेतली, आणि जुलै २०१२ मध्ये न्यायालयानं त्याची भाषा बदलून ‘२१ व्या अनुच्छेदानुसार सन्मानानं जगण्यासाठी अनुकूल परिस्थिती’ अशा अर्थाची केली. ‘ज्यांना हे काम चालू ठेवायचंय’ एवढा भाग गेला. वरवर बघता काय बिघडलं? सन्मान राहिला, अनुच्छेद राहिला, उलट भाषा भारदस्त झाली.

माझ्या मते तिथेच सगळं बिघडलं. दुसरा मुद्दा पुन्हा वाचा, ‘ज्यांना सोडायचंय त्यांचं पुनर्वसन’. यातल्या ‘सोडायचंय’ या शब्दाला अर्थ कधी आहे? ‘सोडायचं नाही’ असंही म्हणता येत असेल तेव्हाच. बाजारात एकच वाण ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, तुझ्या पसंतीचं घे, ही पसंती नव्हे. तिसऱ्या कलमातला तो तुकडा दुसऱ्या कलमातल्या इच्छेला आधार देत होता. तो काढला आणि इच्छा नुसती शोभेची झाली. हक्क आणि सक्ती यांतला फरक एवढाच असतो की हक्क नाकारता येतो. मत न देण्याचा मला हक्क आहे, म्हणून मत देणं माझा हक्क आहे. धरणग्रस्त माणूस खडकाळ जमीन नाकारू शकतो, म्हणून तो पुनर्वसनाचा हक्कदार. जे नाकारता येत नाही, त्याला हक्क म्हणणं ही भाषेची फसवणूक आहे.

पुढचं थोडक्यात. समितीनं २०१६ मध्ये शिफारशी दिल्या. केंद्र सरकार कायदा करतो करतो म्हणत राहिलं. अखेर १९ मे २०२२ ला न्यायमूर्ती नागेश्वर राव, गवई आणि बोपण्णा यांच्या खंडपीठानं १४२ व्या अनुच्छेदाचा अधिकार वापरून काही शिफारशी राज्यांवर बंधनकारक केल्या. संरक्षणगृहांची पाहणी करा, मनाविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायका ठरावीक मुदतीत सोडा. पोलिसांना माणुसकीनं वागायला शिकवा. कंडोम सापडला म्हणून तो पुरावा धरू नका. विधी सेवा प्राधिकरणांनी या बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगणाऱ्या कार्यशाळा घ्या. त्यांचा धंदा उघड न करता आधार कार्ड द्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे आले, देहविक्रयाला व्यवसाय म्हणून मान्यता! तसं झालेलं नाही. सज्ञान बाई स्वखुशीनं हे काम करत असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, ही शिफारस समितीनं केली होती खरी. पण सरकारचा तिला आक्षेप होता, आणि राज्यांवर बंधनकारक केलेल्या शिफारशींत ती नाही. उलट पिटा कायद्याच्या तरतुदी पाळा, असंही त्याच आदेशात आहे. म्हणजे एका ओळीत डांबलेल्यांना सोडा, आणि दुसऱ्या ओळीत डांबण्याचं कलम ज्या कायद्यात आहे तो कायदा पाळा. खालच्या दंडाधिकाऱ्यानं काय करावं? मथळे वाचून आनंद मानणाऱ्यांनी आदेशही वाचावा, एवढंच म्हणतो.

आता विरुद्ध बाजू. ती कमकुवत करून मांडणं मला आवडत नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे पडले, चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. त्यात नेपाळहून आणलेल्या पुष्कळ होत्या, अल्पवयीन होत्या. अशा मुलीला पहिल्या दिवशी विचारलं की स्वखुशीनं आलीस का, तर ती ‘हो’च म्हणणार. तिच्या मागे घरवाली उभी आहे, तिच्यासाठी आलेला वकीलही घरवालीचाच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००२ च्या ‘प्रेरणा’ प्रकरणात नेमकं हेच ओळखलं, आणि दलालाचा किंवा कुंटणखान्याच्या मालकाचा वकील त्याच प्रकरणात मुलींच्या वतीनं उभा राहू शकणार नाही असं सांगितलं. मग तोंडी ‘हो’वर विश्वास कसा ठेवायचा?

अल्पवयीन मुलीबाबत प्रश्नच नाही. तिची संमती ही संमती नाही. सज्ञान बाईबाबत माझं उत्तर असं आहे. शंका खरी आहे म्हणून कायद्यानं चौकशीला तीन आठवडे दिलेत. ते वापरा. त्या काळात तिला घरवालीपासून दूर, तिच्या भाषेत बोलणारं माणूस द्या, तिचा स्वतःचा वकील द्या, दोनदा तीनदा विचारा. पण तीन आठवड्यांनंतरही ती तेच म्हणत असेल, तर पुढचं एक वर्ष कशाचं? ते चौकशीचं नाही. ते तिच्या उत्तराची शिक्षा आहे.

आपल्या न्यायव्यवस्थेचा संमतीशी जुना, विचित्र व्यवहार आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती. तिथे गरीब बाईची भीती ‘हो’ मानली गेली. आणि इथे गरीब बाईचा स्पष्ट ‘हो’ मानला जात नाही. दोन्हीकडे तिच्या तोंडचा शब्द दुसऱ्या कोणीतरी ठरवला. १९७८ च्या निकालावर देशभर टीका झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. सतराव्या कलमावर तेवढी ओरड होत नाही, कारण तिथं करुणेचं पांघरूण आहे.

सामाजिक चळवळीतलं कोणी म्हणेल, सर, मग हा धंदा चालूच ठेवायचा का? डॉ. आंबेडकरांनी १६ जून १९३६ ला मुंबईत वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणींच्या सभेत हे जिणं सोडा असं सांगितलं होतं. सांगितलं होतं, आणि कठोरपणे सांगितलं होतं. पण कोणाला सांगितलं ते बघा. त्या बायकांनाच, समोर बसवून. सोडायचं की नाही हे ठरवायची ताकद त्यांच्यात आहे असं धरूनच माणूस असं बोलतो. उपदेश आणि आदेश यांत हाच फरक आहे. उपदेश ऐकणाऱ्याच्या विवेकाला हाक मारतो, सतरावं कलम हाक न मारता दार बंद करतं.

आणि याच कायद्यात एक दुसरं दार आहे, त्याकडे कोणी बघत नाही. एकोणिसावं कलम. देहविक्रय करणारी किंवा करायला लावली जाणारी बाई स्वतः दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, मला संरक्षणगृहात ठेवा किंवा कोर्टाचं संरक्षण द्या. स्वतः, अर्ज करून! धरणग्रस्तासारखी, मागणारी म्हणून. सतरावं कलम सज्ञान बाईंपुरतं तीन आठवड्यांच्या चौकशीवर थांबवा आणि एकोणिसावं कलम उघडा, तर माझी अर्धी तक्रार मिटते. त्यासाठी नवा कायदा लागेलच असं नाही. घटनेच्या प्रकाशात दंडाधिकाऱ्यानं आहे तो कायदा वाचला तरी पुष्कळ होईल.

शेवटी कायद्याच्या मदतीबद्दल, कारण या सभेत विधी सेवेचं काम करणारे काही तरुण बसलेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं बारावं कलम उघडा. फुकट वकील कोणाला मिळेल त्याची यादी तिथं आहे. मानवी व्यापाराची बळी, मिळेल. कोणतीही स्त्री, मिळेल. उत्पन्न विचारायचं नाही. आणि ‘कोठडीत असलेली व्यक्ती’, तिथं कायदा स्पष्ट म्हणतो की या कोठडीत पिटा कायद्याचं संरक्षणगृहही आलं. पिटा जिला काळजी म्हणतो तिला विधी सेवेचा कायदा सरळ कोठडी म्हणतो. माझ्या वाचनात या विषयावरचं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते एका यादीच्या पोटकलमात लपलंय.

म्हणजे छाप्यानंतर दंडाधिकाऱ्यापुढे उभ्या केलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवसापासून सरकारी खर्चानं वकील मागता येतो. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही मागता येतो. त्या तिघींचं जे वर्ष गेलं, ते वाचण्याची जागा उच्च न्यायालय नव्हती, दंडाधिकाऱ्यासमोरचा पहिला दिवस होता. तिथं तुमच्यापैकी कोणी तिच्या शेजारी उभं असेल, तर तिला आधी तिची जात, गाव, नवरा विचारू नका. तिच्यावर गुन्हा आहे की नाही ते सांगा, सतराव्या कलमाखाली काय होऊ शकतं ते सांगा, एकोणिसाव्या कलमाखाली काय मागता येतं ते सांगा, सगळं तिच्या भाषेत सांगा, अहिराणीत, भिलीत, जी असेल ती. मग तिला विचारा, तुला काय हवंय. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत कागदावर घ्या आणि तो कागद दंडाधिकाऱ्याच्या फायलीत लावा, म्हणजे अपिलात तो सापडेल.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ; आधी मागे बसलेल्या बायकांचे घ्या.